पट्टीचं ॲप क्लाउडवर: आधी नुसतं मशीन, मग प्लॅटफॉर्म (जून ते ऑगस्ट २०२४)

१ जून, शनिवार

मामांचा वाशीच्या एपीएमसीत भाजीचा गाळा आहे. जुन्नर-नारायणगाव बाजूच्या गाड्या रात्री लागतात, पहाटे विक्री होते आणि दुपारपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी तयार करून पाठवावी लागते. नग, वजन, भाव, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करून हातात किती पडणार, एवढाच तो कागद. पण शेतकऱ्याचं त्या दिवसाचं सगळं त्यावर असतं. पट्ट्या करणारं ॲप मी तीन वर्षांपूर्वी जँगो (पायथनमध्ये वेब ॲप लिहायची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) यांवर लिहिलं. ते गाळ्यातल्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर चालायचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याची हार्ड डिस्क गेली आणि दोन दिवसांच्या पट्ट्या दिवाणजींनी कच्च्या वहीवरून हाताने पुन्हा लिहिल्या. तेव्हाच ठरवलं की आता हे क्लाउडवर न्यायचं.

रस्ते दोन आहेत. डेटा सेंटरमधलं मशीन भाड्याने घ्यायचं आणि त्यावर सगळं आपण बसवायचं, ही इन्फ्रास्ट्रक्चर सेवा. किंवा फक्त कोड द्यायचा आणि तो चालवणं त्यांच्यावर सोपवायचं, ही प्लॅटफॉर्म सेवा. मामांना मी असं सांगितलं: एक रिकामा गाळा भाड्याने, दुसरा हमाल, तोलार, दिवाणजी यांच्यासकट चालता गाळा. मामांनी लगेच विचारलं, "चालत्या गाळ्याचं भाडं किती?"

मी मशीन निवडलं. लिनक्स येतं आणि बिल कमी दिसतं, ही दोनच कारणं. कंपन्यांची नावं या नोंदींत लिहीत नाही. एकीचं मुंबईत डेटा सेंटर आहे, दुसरीचं सर्वांत जवळचं सिंगापूरला, इतकं पुरे.

२ जून, रविवार

उबुंटू २४.०४, १ जीबी मेमरी. अंदाज तीन तासांचा होता, लागले अकरा. वेगळा यूजर, दूरवरून लॉगिन करायची एसएसएच किल्ली, पोस्टग्रेस, जँगो चालवणारा गनिकॉर्न, त्याच्या पुढे विनंत्या घेणारा वेब सर्व्हर एंजिन-एक्स, सुरक्षित पानासाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र, मशीन रीस्टार्ट झालं की सगळं आपोआप उठावं म्हणून सिस्टमडीच्या फाइली. यातलं काहीच अवघड नाही, पण प्रत्येक गोष्टीला अर्धा तास जातो.

चाळीस मिनिटं एका चुकीत गेली. मशीनवरचं फायरवॉल उघडलं होतं, पण कंपनीच्या कन्सोलवर (नियंत्रणाच्या वेबपानावर) मशीनच्या बाहेर आणखी एक फायरवॉल असतं. तिथे ४४३ पोर्ट (सुरक्षित वेबपानांची वाट) उघडायचं राहिलं. ब्राउझर नुसता फिरत राहिला आणि मी एंजिन-एक्सची फाइल पुन्हा पुन्हा वाचत बसलो. पान उघडत नसेल आणि लॉगमध्ये एक ओळही येत नसेल, तर विनंती मशीनपर्यंत पोचलेलीच नसते. आधी बाहेरचं फायरवॉल बघा.

मशीन सुरू होऊन तास झाला नव्हता, तेवढ्यात लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न दिसू लागले. पासवर्डने लॉगिन बंद करून फक्त किल्ली ठेवली. हे पहिल्याच दिवशी करा.

६ जून, गुरुवार

पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी मामांचा फोन. "अरे, पट्टी निघेना."

पट्टीची पीडीएफ करायला मी न दिसणारा क्रोमियम ब्राउझर वापरतो, कारण त्यात देवनागरी बिनचूक उमटते. दिवाणजींनी एकदम बारा पट्ट्या काढल्या, बारा ब्राउझर उठले, १ जीबी मेमरी संपली. अशा वेळी लिनक्स स्वतःच एखादी प्रोसेस मारतो. त्याने पोस्टग्रेस मारलं. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी" असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण तिथे बघायचं मला अर्ध्या तासाने सुचलं.

दुरुस्ती: २ जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी), पीडीएफ एका वेळी एकच, आणि पोस्टग्रेसला शेवटपर्यंत हात लागू नये अशी सूचना कर्नलला. तरी धीर होईना, म्हणून मशीन २ जीबीचं केलं. त्यासाठी ते बंद करून चालू करावं लागतं. चालू झालं तेव्हा आयपी पत्ता बदललेला! कायमचा पत्ता आधी राखून ठेवायचा असतो, तो मी ठेवला नव्हता. त्यात डोमेनच्या नोंदीची (ॲपचं नाव कुठल्या पत्त्यावर जातं ती) मुदत मी चोवीस तासांची दिली होती, त्यामुळे गाळ्यातले फोन जुन्याच पत्त्यावर जात राहिले. फोन एकेक करून बंद-चालू केले, काहींना तरी नवा पत्ता मिळेना. एकूण १ तास ५० मिनिटं गाळा ॲपविना. विक्री थांबली नाही, वहीवर चालली. पण दिवाणजींनी नंतर ती सगळी वही ॲपमध्ये चढवली, आणि ते कष्ट माझ्या चुकीचे.

आता पत्ता राखीव आहे आणि डोमेनची मुदत पाच मिनिटांची.

१४ जून, शुक्रवार

तीन दिवस पहाटे पाचनंतर सगळं मंद. मेमरी मोकळी, डिस्क मोकळी, तरी पान उघडायला आठ सेकंद.

स्वस्त मशीन पूर्ण ताकदीने सतत चालवायला दिलेलं नसतं, हे कारण निघालं. क्रेडिट जमतात आणि जास्त काम केलं की खर्च होतात. एक क्रेडिट म्हणजे एक कोर एक मिनिट पूर्ण वेगाने. माझ्या मशीनला तासाला २४ मिळतात. संपले की वेग एकदम खाली येतो. "क्रेडिट संपले तरी वेग ठेवा, जादा पैसे लावा" असाही पर्याय असतो. बिल वाढू नये म्हणून मी तो बंद ठेवला होता.

पण दिवसभर गाळा शांत असताना क्रेडिट जमायला हवे होते, ते का जमत नव्हते? प्रोसेसची यादी काढली तर नऊ क्रोमियम मागे उरलेले, दिवसरात्र कोर खात बसलेले. पीडीएफ झाली तरी चूक आल्यास ब्राउझर बंद होत नव्हता. माझ्याच कोडमधली चार ओळींची दुरुस्ती. शोधायला मात्र तीन संध्याकाळी गेल्या, कारण मी डेटाबेसवर संशय घेऊन बसलो होतो. मंदपणा आला की आधी क्रेडिटचा आलेख बघायचा, तो कन्सोलवर दोन क्लिकवर असतो.

२२ जून, शनिवार

आजची नोंद लिहायला जड जाते आहे, पण हीच सर्वांत उपयोगी पडेल.

२ जूनपासून रोज रात्री ३ वाजता डेटाबेसची प्रत काढायचं काम लावलं होतं. आज सहज एक प्रत दुसऱ्या डेटाबेसमध्ये उतरवून बघावी म्हटलं. फाइल आतून रिकामी. आदल्या दिवशीची रिकामी. वीसच्या वीस दिवस रिकामी.

वेळापत्रकावरून चालणाऱ्या कामाला डेटाबेसचा पासवर्ड मिळत नव्हता. प्रत काढणारी आज्ञा नापास व्हायची, पण तिचं उत्तर मी थेट झिप करणाऱ्या आज्ञेकडे ढकललं होतं. झिपवाली आज्ञा रिकामी फाइल नीट बनवून "झालं" म्हणायची. शेवटच्या आज्ञेचा निकाल तोच सगळ्याचा निकाल धरला जातो. शिवाय मशीनचं घड्याळ यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे), म्हणजे माझे रात्रीचे ३ म्हणजे इथले सकाळचे साडेआठ. आणि प्रती त्याच मशीनच्या त्याच डिस्कवर! डिस्क जाते म्हणून क्लाउडवर आलो आणि वीस दिवस पुन्हा एकाच डिस्कवर बसलो होतो.

दुरुस्ती: पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये आणि ती फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी. साखळीतली कुठलीही आज्ञा नापास झाली तर सगळं नापास, असा बदल. प्रत ५ एमबीपेक्षा लहान असेल तर मला ईमेल. काम रात्री साडेअकराला, म्हणजे यूटीसी १८:००, गाड्या लागायच्या आत. फाइल ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे मशीनबाहेरच्या फाइलींच्या गोदामात. आणि महिन्यातून एकदा प्रत खरोखर उतरवून एका दिवसाच्या पट्ट्यांची बेरीज जुळवायची. मामांना हे सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बरं झालं, आज कळलं."

३० जून, रविवार

महिन्याचे तास मोजले. एकूण ४६, त्यातले ॲपमध्ये प्रत्यक्ष सुधारणा करण्यात ९. बाकी ३७ मशीनची काळजी घेण्यात. बिल कर धरून १,९४० रुपये.

१ जुलै, सोमवार

ऐरोलीच्या ऑफिसातून कोपरखैरण्याला घरी परतताना ट्रेनमध्ये बातमी वाचली. दूरवरून लॉगिन देणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेचं भोक सापडलं आहे, नोंद क्रमांक सीव्हीई-२०२४-६३८७. लॉगिन न करताही दूरवरून रूटचा (मशीनच्या सर्वाधिकारी यूजरचा) ताबा मिळू शकतो. लिनक्सवरच्या ८.५पी१ ते ९.७पी१ या आवृत्त्या बाधित. २००६ मध्ये दुरुस्त झालेलीच चूक पुढच्या एका बदलात परत आली होती. माझी आवृत्ती ९.६.

उबुंटू असे सुरक्षा बदल आपोआप घेतो. पण जूनच्या मध्यात अशाच एका बदलाने रात्री पोस्टग्रेस रीस्टार्ट केलं होतं, म्हणून मी ते बंद करून ठेवलेलं. म्हणजे दार बंद करण्याची जबाबदारी मी स्वतःवर घेतली होती आणि मी ट्रेनमध्ये उभा. घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणून मोबाइलच्या नेटवरून आधी कन्सोलवर एसएसएचचं पोर्ट फक्त माझ्या पत्त्यापुरतं ठेवलं, मग उबुंटूने दिलेला बदल चढवला. पंचवीस मिनिटं. काही झालेलं नव्हतं. पण मशीन भाड्याने घेतलं की डेटा सेंटरची इमारत, वीज, हार्डवेअर त्यांचं, आणि ऑपरेटिंग सिस्टमपासून वरचं सगळं आपलं, हे करारात वाचलेलं त्या पंचवीस मिनिटांत खरं कळलं.

मी कधी लग्नात असेन, कधी गावी, कधी तापाने पडलेला असेन. मामांचा गाळा माझ्या जागं असण्यावर चालता कामा नये. येत्या शनिवारी प्लॅटफॉर्म करून बघायचा.

६ जुलै, शनिवार

कोड ढकलला, पस्तीस मिनिटांत पान उघडलं, प्रमाणपत्रासकट. २ जूनचे अकरा तास आठवले.

आधी दोन अडचणी आल्या. ॲप ८००० पोर्टवर ऐकत होतं, प्लॅटफॉर्म पोर्टचा आकडा स्वतः देतो आणि तोच वाचावा लागतो. पासवर्ड एका फाइलमध्ये होते आणि ती फाइल गिटमध्ये (कोडच्या साठ्यात) नव्हती, त्यामुळे सगळं एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये) घातलं. दोन्ही सवयी मशीनवरही लावून घ्याव्यात अशाच.

मग खरी अडचण. डेटाबेस मुंबईच्या मशीनवरच ठेवून फक्त ॲप सिंगापूरला नेलं होतं. आवकेचं पान ४ ते ५ सेकंद घेऊ लागलं. मोजलं तर एका पानासाठी ७४ क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न), आणि मुंबई-सिंगापूर जाऊन-येऊन साधारण ६० मिलिसेकंद. चौऱ्याहत्तर गुणिले साठ, साडेचार सेकंदांच्या आसपास. एकाच मशीनवर असताना या ७४ क्वेऱ्या कधी जाणवल्याच नव्हत्या. प्रत्येक गाडीसाठी शेतकरी वेगळा, प्रत्येक शेतकऱ्यासाठी माल वेगळा विचारला जात होता. एकत्र मागवल्यावर ६ क्वेऱ्या उरल्या. डेटाबेसही प्लॅटफॉर्मच्याच सांभाळलेल्या पोस्टग्रेसवर, ॲपच्या शेजारी नेला. आता पान अर्ध्या सेकंदाच्या आत. ॲप आणि डेटाबेस दोन शहरांत कधीही ठेवू नका.

७ जुलै, रविवार

रात्री साडेबाराला पहिली गाडी लागली आणि दिवाणजींच्या फोनवर पान उघडेना. पन्नास सेकंदांनी उघडलं. मी फुकटच्या योजनेवर ठेवलं होतं. त्यात पंधरा मिनिटं कोणी आलं नाही की ॲप झोपतं. ऑफिसच्या वेळेत चालणाऱ्या कामाला हे कदाचित जाणवणार नाही. आमचा गाळा दुपारी एकपासून मध्यरात्रीपर्यंत शांत असतो आणि मग एकदम सुरू होतो. लगेच पैसे भरून जागी राहणारी योजना घेतली. फुकटची योजना आता फक्त चाचणीच्या प्रतीसाठी.

८ जुलै, सोमवार

रात्रभर पाऊस, सकाळी लोकल विस्कळीत, ऑफिस घरून. त्यामुळे पट्टीच्या अक्षरांना दिवस देता आला.

प्लॅटफॉर्मच्या लहान योजनेत ५१२ एमबी मेमरी. क्रोमियम त्यात मावत नाही. म्हणून शनिवारीच एक हलकी पीडीएफ लायब्ररी लावली होती. पहिल्या पट्टीत सगळीकडे चौकोन. फाँटच नव्हता. मशीनवर मी कधीतरी नोटो देवनागरी बसवला होता आणि विसरून गेलो होतो. फाँट कोडसोबत दिला. मग अक्षरं आली, पण मोडकी. "हिशोब"मधली वेलांटी ह च्या पुढे, "शेतकऱ्याचे"मधला र तुटलेला, "फ्लॉवर"चा पाय मोडलेला. नुसता फाँट पुरत नाही; देवनागरीत अक्षरं जोडून बसवणारं वेगळं इंजिन लागतं. क्रोमियममध्ये ते असतं, या लायब्ररीत नव्हतं.

वीझीप्रिंट नावाची लायब्ररी पँगो वापरते आणि पँगो हार्फबझकडून जोडाक्षरं बसवून घेतो. माझ्या लॅपटॉपवर चाचणी केली, प्रत्येक शब्द बरोबर. पण पँगो ही सिस्टमची लायब्ररी आहे आणि या प्लॅटफॉर्मवर सिस्टममध्ये आपल्याला काही बसवता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टम त्यांची, तसा हातही त्यांचाच. तोडगा म्हणजे डॉकरची इमेज, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं, स्वतः बनवून देणं. डेबियनवर आधारित इमेज, त्यात पँगो, त्यात फाँट. रात्री दहाला पहिली स्वच्छ पट्टी निघाली.

एक गोष्ट लक्षात ठेवली आहे. इमेज माझी झाली, म्हणजे इमेजमधल्या लायब्रऱ्यांचे सुरक्षा बदलही पुन्हा माझे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी इमेज नव्याने बांधायची, असं कॅलेंडरमध्ये टाकलं. तरी हे काम दिवसाउजेडी, माझ्या सवडीने होतं.

मराठीत कागद छापणारं कुणाचं ॲप असेल तर प्लॅटफॉर्म ठरवण्याआधी हे चार शब्द छापून बघा: शेतकऱ्यांच्या, फ्लॉवर, कोथिंबीर, हिशोब.

१२ जुलै, शुक्रवार

काट्याच्या पावत्यांचे फोटो गेले. ३१ फोटो.

दिवाणजी वजनकाट्याच्या पावतीचा फोटो पट्टीला जोडतात. वजनावरून वाद झाला तर तोच पुरावा. ॲप ते डिस्कवर ठेवायचं. प्लॅटफॉर्मवर डिस्क तात्पुरती असते. नवी आवृत्ती चढवली की नवा कंटेनर (इमेजची चालती प्रत) येतो, जुना डिस्कसकट जातो. काल रात्री मी एक किरकोळ बदल चढवला आणि डिस्कवरचे सगळे फोटो पुसले गेले. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी घाईत वाचलं नव्हतं.

२२ फोटो दिवाणजींच्या फोनमध्ये मिळाले. ९ कायमचे गेले. त्या नऊ शेतकऱ्यांना मामांनी स्वतः फोन करून वजनं परत सांगितली आणि सगळ्यांनी मान्य केली. मामांचा शब्द होता म्हणून.

आता फोटो फोनवरून थेट मुंबईतल्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये जातात. ॲप फक्त दहा मिनिटं चालणारी परवानगीची लिंक देतं. सहा तासांचं काम.

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी एकादशी. रताळ्याच्या गाड्या वाढल्या, आणि आठवड्यापासून शेजारचे दोन गाळेही ॲप वापरतायत. गर्दीला पुरावं म्हणून काल संध्याकाळीच ॲपच्या एकाऐवजी तीन प्रती केल्या. एक स्लायडर सरकवला, झालं. मशीनवर हेच करायला बंद-चालू करावं लागलं असतं.

पहाटे तीनला मात्र चूक: डेटाबेसला जोडण्या पुरेनात. माझ्या डेटाबेस योजनेत २० जोडण्यांची मर्यादा. तीन प्रती, प्रत्येकीत चार प्रोसेस, प्रत्येकीत दोन थ्रेड (एकेक जोडणी घेणारे धागे), म्हणजे २४. प्रती वाढवताना हा गुणाकार करायला हवा होता. लगेच दोनच प्रती ठेवल्या आणि पाच मिनिटांत सुरळीत. दुपारी मधे पीजीबाउन्सर लावला, जो थोड्याच जोडण्या वाटून वापरतो. त्यासोबत जँगोमध्ये सर्व्हरवरचे कर्सर (यादी तुकड्यातुकड्यांनी आणायची सोय) बंद करावे लागतात, नाहीतर मोठ्या याद्या अधूनमधून फुटतात.

नंतर आलेख पाहिले तर त्या रात्री एकच प्रत पुरली असती. गरज नसताना वाढवलं, हे खरं.

२७ जुलै, शनिवार

दोन कामं प्लॅटफॉर्मवर सरळ बसली नाहीत.

महिन्याची खतावणी बनायला ७० सेकंद लागतात. प्लॅटफॉर्म ३० सेकंदांत उत्तर आलं नाही तर विनंती तोडतो. मशीनवर एंजिन-एक्सची मर्यादा मीच वाढवून ठेवली होती. आता खतावणी मागे वेगळ्या प्रोसेसमध्ये बनते आणि तयार झाली की कळवते. ही पद्धत चांगलीच आहे, पण त्या प्रोसेसचं भाडं वेगळं.

दुसरं एसएमएस. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट (मजकुराचा साचा) डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नोंदवलेले आहेत, त्यात अडचण नाही. पण एसएमएस देणारी कंपनी फक्त ठरलेल्या आयपी पत्त्यावरूनच विनंती घेते, आणि प्लॅटफॉर्मवरून बाहेर जाणारा पत्ता बदलत राहतो. ज्या शेतकऱ्यांकडे साधे फोन आहेत त्यांना पट्टीची रक्कम एसएमएसनेच कळते, त्यामुळे हे सोडून देणं शक्य नव्हतं. शेवटी जुनं मशीन लहान करून ठेवलं. त्यावर आता फक्त दोन कामं: राखीव पत्त्यावरून एसएमएस पुढे पाठवणं आणि रात्री डेटाबेसची एक प्रत प्लॅटफॉर्मच्या बाहेर आणून ठेवणं. सुरक्षा बदल आपोआप चालू. ते दोन तास बंद पडलं तरी पट्ट्या निघत राहतील.

३ ऑगस्ट, शनिवार

हिशोब. जुलैत दोन्ही सेवा चालू होत्या म्हणून ते बिल धरत नाही. ऑगस्टचा अंदाज कर धरून: प्लॅटफॉर्मवर ॲप, मागची प्रोसेस आणि डेटाबेस मिळून ३,३००, लहान मशीन आणि त्याचा राखीव पत्ता १,२७०. एकूण ४,५७०. सगळं २ जीबीच्या एका मशीनवर ठेवलं असतं तर २,१५० च्या आसपास. म्हणजे दुपटीहून जास्त.

तास: जुलैत ४१, त्यातले बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत. शेवटच्या सात दिवसांत दीड तास, तोही एका नव्या अहवालासाठी. पहाटेचा फोन १६ तारखेनंतर नाही.

मामांनी आकडे बघितले आणि विचारलं, "हे वरचे २,४०० कशाचे?" मी म्हटलं, रात्री कोणीतरी जागं असण्याचे. त्यांनी मान डोलावली. हमालांच्या रात्रपाळीचे पैसे ते स्वतः देतात.

तरी कोणी विचारलं तर सरसकट प्लॅटफॉर्म घ्या असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे दोन-तीन माणसं आळीपाळीने लक्ष ठेवायला आहेत, ज्याला विशिष्ट लायब्रऱ्या, ठरलेला पत्ता, लांब चालणारी कामं लागतात, त्याला मशीन स्वस्त आणि मोकळं पडेल. मी एकटा आहे आणि दिवसा नोकरी करतो.

पैसे भरण्याबद्दल एक सूचना: परदेशी सेवेचे दरमहा पैसे कार्डावरून आपोआप कापायला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ई-मॅन्डेट (आधी नोंदवलेली संमती) लागतं. माझं पहिलं देयक त्यामुळे नाकारलं गेलं आणि हाताने भरावं लागलं. ईमेल वेळेत पाहिला नसता तर ॲप बंद झालं असतं. महिन्याच्या १ तारखेचा गजर लावला आहे.

११ ऑगस्ट, रविवार

प्लॅटफॉर्मने उद्या दर दुप्पट केले तर बाहेर पडता येतं का, ते करून बघितलं. नवं मशीन तासाच्या भाड्याने घेतलं, तीच डॉकर इमेज, डेटाबेसची कालची प्रत, फोटो आधीच बाहेर. १ तास ३५ मिनिटांत ॲप उभं. जूनमधले अकरा तास इथे लागले नाहीत, कारण इमेजमध्ये सगळं लिहिलेलं आहे.

एकच गोष्ट वेगळी निघाली. दिवाणजींना यादी दाखवली तर त्यांनी लगेच विचारलं, "क्षीरसागर इतके वर कसे आले?" प्लॅटफॉर्मच्या डेटाबेसवर मी शेतकऱ्यांच्या नावांना मराठी क्रम लावून घेतला होता; नव्या मशीनवर हातानेच तक्ते बनवताना तो राहिला आणि पोस्टग्रेसने अक्षरांच्या संगणकी क्रमांकाप्रमाणे लावलं. त्यात क्ष हा क मध्ये जातो, मराठी क्रमात तो ह आणि ळ च्या नंतर येतो. नावाच्या रकान्याला आयसीयूचा (भाषांचे क्रम सांभाळणाऱ्या लायब्ररीचा) मराठी क्रम पुन्हा दिला, तो आता तक्त्याच्या व्याख्येतच लिहून ठेवला आहे.

मग १६ जुलैच्या पट्ट्यांची बेरीज दोन्हीकडे काढली. पट्ट्या ६८, आणि रक्कम पैशापर्यंत सारखी. मशीन बंद केलं. भाडं झालं नऊ रुपये.